तळहातावरचा स्वल्पविराम

आमच्या ऑफिसात स्वल्पविराम बोलून दाखवत नाहीत, ठोकून दाखवतात.

म्हणजे असं. आमच्याकडे घरगुती वस्तूंच्या माहितीपत्रकांचं काम येतं. कपडे धुण्याचं यंत्र, शेगडी, पंखा, घडीची शिडी, काहीही. खोकं उघडलं की वस्तूबरोबर एक घड्या घातलेला कागद निघतो, जो कुणी वाचत नाही. तो आम्ही वाचतो. इंग्रजी मजकूर जुळवून झाला की शेवटचं वाचन दोघांनी मिळून करायचं. एकाने छापायची प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मूळ प्रतीवर नजर ठेवून ऐकायचं. पण कागदावर नुसते शब्द नसतात ना. दर वेळी ‘कॉमा’, ‘फुलस्टॉप’ म्हणत बसलं तर वाक्याचा पार चोथा होतो. म्हणून बोटाच्या पेराने टेबलावर एक टक म्हणजे स्वल्पविराम, दोन टक म्हणजे पूर्णविराम, आणि नखाने ओरखडा काढला की नवा परिच्छेद. शेजारच्या खोलीत छपाईचं यंत्र दिवसभर धडधडत असतं, त्यात ती टक कुठली ऐकू यायला? म्हणून ऐकणाऱ्याने डावा तळहात टेबलाला टेकवून ठेवायचा. शब्द कानाने घ्यायचे, टक हाताने.

नवीन माणसाला हे हास्यास्पद वाटतं. मलाही वाटलं होतं. पुढे सवय झाली, इतकी की भाजीवाल्याशी बोलतानाही माझं बोट त्याच्या गाडीच्या कडेवर चालायचं.

माझे वाचनाचे जोडीदार म्हणजे पूर्णविराम. हे काही त्यांचं नाव नव्हे, पण त्यांच्या पाठीमागे सगळे तेच म्हणतात, कारण ते बोलले की विषय संपतो. त्यांना ते माहीत आहे आणि त्यांची काही हरकत नाही. तोंडावर मी ‘काका’ म्हणते. दिवसभर पेपरमिंट चघळत असतात, त्यामुळे आमच्या टेबलाला कायम सर्दीच्या औषधासारखा वास असतो.

बाळंतपणानंतर लेक बसायला लागल्यावर मी कामावर परत रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात काकांनी हात वर केला. ऐकणाऱ्याने हात वर केला म्हणजे वाचणाऱ्याचं चुकलं.

“व्हेनच्या आधी का ठोकलंस?”

“ठोकलं?”

“ठोकलंस. ओपन द लिड व्हेन द लाइट गोज आउट. झाकण उघडा, हे मुख्य काम आधीच सांगून झालंय. त्याच्या मागून व्हेन आला, इफ आला, बिकॉज आला, तर तो आपला शेपटीसारखा चिकटून येतो. मध्ये टक नाही.”

“माहीत आहे हो काका. आधी आला तर टक, मागून आला तर नाही.”

“माहीत आहे ना? मग?”

“तिथे माझा श्वास संपतो.”

“श्वास घे की. श्वासाला कोण नको म्हणतंय? टक नको.”

नियम मला कॉलेजपासून पाठ होता. लग्नाआधी शिकवण्या घ्यायचे तेव्हा मी तो मुलांना असा समजावायचे: वाक्य इफने सुरू केलं की तुम्ही माणसाला दारात उभं केलंत. तो ताटकळतोय. त्याला आत घ्यायच्या आधी एक स्वल्पविराम टाका, म्हणजे उंबरठा कुठे आहे ते त्याला कळेल. तो आधीच आत येऊन बसला असेल, तर मध्येच उंबरठा कशाला? फक्त ऑलदो हा एक भांडकुदळ. तो उलट बोलतो, म्हणून बरेचदा मागून आला तरी टक मागतो.

इतकं सगळं येत असून माझं बोट इफ दिसला रे दिसला की उठायचंच. आता कळतं का ते. त्या दिवसांत माझ्या डोक्यातली सगळी वाक्यं ‘जर’ने सुरू व्हायची आणि टकपाशी येऊन अडकायची. जर मुंगीला ऐकू येत नसेल, टक. पुढचं वाक्य मला उच्चारवत नव्हतं.

मुंगी म्हणजे माझी लेक. जन्मली तेव्हा इतकी चिमुकली आणि इतकी वळवळी, की तिच्या बापाने पहिल्याच दिवशी ‘मुंगी’ म्हटलं आणि तेच चिकटलं. ज्या दवाखान्यात ती जन्मली तिथलं नवजात बाळांचे कान तपासायचं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं होतं. नंतर आणा, म्हणाले. नंतर तिचं पोट दुखणं, माझं दूध, रात्रीची जागरणं. ते ‘नंतर’ राहूनच गेलं.

मला बघत बसायची खोड आहे. बाळ झोपलं तरी मी त्याची छाती वरखाली होते का ते बघते. तशीच एकदा बघत असताना स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्याचं झाकण ओट्यावरून खाली पडलं. सासूबाई दचकल्या. शेजारच्यांची मांजर आमच्या खिडकीतून उडी मारून पळाली. मुंगी मोजा चघळत होती, ती चघळतच राहिली.

“आई, हिने मान वळवली नाही.”

“खेळात आहे ती.”

“अहो, पण एवढा आवाज झाला.”

“बापावर गेली आहे. तुझा नवरा तरी हाक मारल्यावर कधी वळलाय?”

“काय म्हणालीस गं?” बाहेरच्या खोलीतून ह्याने विचारलं.

“ऐक,” सासूबाई मला म्हणाल्या, “आणि ह्याला लिफ्ट दुरुस्त करायला मोठ्या मोठ्या इमारतींवर बोलावतात.”

मी हसले, पण मनातली पाल काही चुकचुकायची थांबेना. त्यानंतर मी मुंगीच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवायला लागले, किल्ल्यांचा जुडगा हलवायला लागले. कधी ती वळायची. वळली की माझा जीव भांड्यात पडायचा. मग लक्षात यायचं, माझी सावली तिच्या पुढ्यात पडली होती. कधी नाही वळायची. सासूबाईंचं म्हणणं, मी पोरीला भंडावून सोडलंय, ती वैतागून मुद्दाम बघत नाही.

सासूबाईंनी उभी हयात टेलिफोनच्या कचेरीत काढली, ज्या काळात बाई मधे बसून लोकांचे फोन जोडून द्यायची त्या काळापासून. बोलणं हा त्यांचा श्वास. मी कामावर गेले की दिवसभर त्या मुंगीशी बोलत असायच्या. अमक्या साहेबाचा फोन तमक्या बाईला कसा चुकून लागला, आणि पुढे त्यांचं लग्नच कसं झालं, असल्या गोष्टी. मुंगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि हसायची. “इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं बाई,” त्या म्हणायच्या.

शेवटी लसीच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी मुंगीच्या पाठीमागे चुटकी वाजवून बघितली आणि कानाच्या तपासणीची तारीख घेऊन दिली.

तारखेच्या अलीकडच्या रविवारची गोष्ट. मुंगीला टेबलाशी बसवता यावं म्हणून आम्ही एक खुर्ची आणली होती, पाय नसलेली, टेबलाच्या कडेला शिकंज्याने घट्ट पकडून बसणारी. ह्याने लिफ्टवाल्याच्या शिस्तीत शिकंजा पुन्हा पुन्हा आवळून बघितला होता. त्या खुर्चीत मुंगी बसलेली, समोर मी. दुसऱ्या दिवशी शेगडीचं माहितीपत्रक वाचायचं होतं आणि काकांचा हात पुन्हा वर जायला नको, म्हणून मी घरीच सराव करत होते.

इफ द फ्लेम टर्न्स यलो, टक.

मुंगी चमचा आपटत होती, ती थांबली.

टर्न ऑफ द गॅस. टक टक.

मुंगीचा चेहरा उजळला. दोन्ही हात टेबलावर पसरून ती पुढे झुकली.

माझं वाचन तिथेच थांबलं. मी श्वास रोखून नुसती एक टक केली. तिने डोळे मोठे केले. दोन केल्या. ती खिदळली! मी थांबले, ती वाट बघत राहिली. पुन्हा ठोकलं, पुन्हा खिदळली.

“आई! अहो आई, लवकर या!”

सासूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या, हा टॉवेल गुंडाळून न्हाणीघरातून आला. मी पुन्हा वाचलं. टक. मुंगी थांबली. टक टक. मुंगी हसली.

“बघ! मी म्हटलं नव्हतं?” सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी. “माझी पोर सगळं ऐकते. तुझ्या त्या इंग्रजीत काय जादू आहे कुणास ठाऊक.”

“तिला व्याकरण कळतं,” हा म्हणाला. “मला कधी कळलं नाही. म्हणजे बापावर गेलेली नाही.”

त्या दिवशी माझे पाय जमिनीला लागत नव्हते. सोमवारी सकाळी उठल्या उठल्या मी फोन करून तपासणीची तारीख रद्द केली.

“तरी पण जाऊन यायचं का एकदा?” ह्याने बूट घालता घालता विचारलं.

“कशाला? लेकराला उगीच तारा लावून निजवायचं? आपण डोळ्यांनी बघितलं ना?”

“हो, ते बघितलं,” तो म्हणाला. नाडी बांधून झाली तरी जरा वेळ तसाच वाकून बसला, आणि मग गेला.

ऑफिसात मी काकांना रंगवून रंगवून सांगितलं. काका म्हणाले, “बरं झालं.” त्या दिवशी वाचताना माझी एकही टक चुकली नाही.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. औषध घालून डोळे विस्फारून ठेवतात, त्यामुळे हाही त्यांच्याबरोबर गेला. मुंगीला घेऊन मी ऑफिसात आले. मालकीणबाईंची परवानगी आदल्या दिवशीच काढली होती.

“ह्यांना नोकरीवर घेतलंय का?” काकांनी मुंगीकडे बघून विचारलं.

“आजच्यापुरतं.”

“पगार?”

“एक पेपरमिंट.”

“दात कुठे आहेत तिला?”

“म्हणून तर परवडते.”

काका चक्क हसले. मुंगीला मांडीवर घेऊन मी वाचायला बसले. घडीच्या शिडीचं माहितीपत्रक होतं. मुंगी माझ्या पोटाला पाठ टेकवून काकांच्या शर्टाचं बटण न्याहाळत होती. मी मनातून फुलून गेले होते. आता बघा हं काका, असं झालेलं. बिफोर यू क्लाइम्ब, टक.

मुंगी बटणच बघत होती.

मेक शुअर द लॉक इज क्लोज्ड. टक टक. मुंगी बटण बघत होती.

शेजारचं यंत्र केवढं धडधडतंय, मी मनाशी म्हटलं. त्यात कसं ऐकू येणार? आणि जागा नवी. माणूस नवं. वाचत राहिले. काका प्रतीवर नजर ठेवून ऐकत होते, डावा तळहात नेहमीसारखा टेबलाला टेकवून.

तेवढ्यात कागद बदलायला पलीकडे यंत्र बंद केलं. खोली एकदम शांत झाली. पंख्याच्या पात्याची कुरकुरसुद्धा ऐकू यायला लागली. काकांनी नजर वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पेन्सिलीच्या टोकाने टेबलावर एक खणखणीत टक दिली. माझं सांगणं त्यांच्या लक्षात होतं, त्यांनाही ती गंमत बघायची असणार.

मुंगीने पापणीसुद्धा हलवली नाही.

त्यांनी पुन्हा ठोकलं. नाही.

“भूक लागली असेल,” मी म्हणाले. “झोपेची पण वेळ झालीय तिची.”

टेबलावर पेपरमिंटचा चांदीचा कागद पडला होता, तो मुंगीला हवा होता. ती माझ्या हातांतून पुढे झुकली आणि तिने दोन्ही पंजे टेबलावर टेकवले. माझं बोट आपोआप उठलं. टक.

मुंगी थांबली.

तिने काकांकडे बघितलं नाही, माझ्या बोटाकडे बघितलं नाही. तिने स्वतःचा हात उचलला, उलटा केला, आणि तळहाताकडे बघितलं. तिथे काय आलं होतं ते शोधत असल्यासारखं. मग हात पुन्हा टेबलावर ठेवला आणि वाट बघत राहिली. शेजारीच काकांचा हात होता, शाई लागलेला, तसाच टेकलेला. एक मोठा हात आणि एक एवढासा. दोन्ही एकाच गोष्टीची वाट बघत होते.

टेबलाला पकडून बसणारी ती खुर्ची, पुढे झुकून पसरलेले ते हात, सगळं डोळ्यांसमोर आलं. रविवारीही ती खालीच बघत होती. आम्ही तिघं तिच्या हसण्याकडे बघत होतो, ती तिच्या हातांकडे.

“काका,” मी म्हणाले, “ती ऐकत नव्हती. ती तुमच्यासारखं... हाताने.”

“हं.”

“इतकं साधं मला कळू नये? दुसऱ्या कुणाचं चुकलं असतं तर ठीक. मी रोज इथे बसून हेच करते!”

“तारीख केव्हाची आहे?”

“रद्द केली मी. आनंदाच्या भरात.”

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं आता हे काहीतरी बोलतील आणि विषय संपेल, आणि मला तो संपायला नको होता.

“छापून गेलंय का?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“नाही ना गेलं? वाचनात सापडलंय. त्यासाठीच तर वाचतो आपण.” फोन माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, “लाव. मी हिला बघतो.”

मी दाराशी उभी राहून फोन लावला. बोलताना माझा आवाज फाटत होता. तपासणीच्या खोलीतल्या बाई म्हणाल्या, “रडू नका हो, परवाची एक वेळ रिकामी झालीय, या.” मागे वळून बघितलं, तर काकांनी आपला हात मुंगीच्या हाताशेजारी पुन्हा टेकवला होता आणि उजव्या हाताने ते हळूहळू ठोकत होते. एक. मग दोन. मग एक. मुंगी तळहात उलटा करून बघायची, हसायची, पुन्हा ठेवायची. पलीकडे यंत्र सुरू झालं, तरी तिला काही फरक पडला नाही.

घरी आले. सासूबाई काळा चष्मा लावून कोचावर बसल्या होत्या, हा त्यांच्यासाठी चहा गाळत होता.

“आज ना, जेव्हा यंत्र बंद झालं, म्हणजे जरी आधी आवाज होता तरी, आणि जर ती टेबलाला टेकलेली नसेल, तर...”

“अगं, मुद्दा सांग,” हा म्हणाला.

“मुंगीला ऐकू येत नाही.”

गाळणी त्याच्या हातात तशीच राहिली. सासूबाई ताडकन उठल्या. “काहीतरीच! आपण सगळ्यांनी बघितलंय!” चष्म्यातून नीट दिसत नव्हतं, तशा चाचपडत त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ताट आणि डाव घेऊन आल्या. मुंगी सतरंजीवर बसून चेंडूशी झटापट करत होती. तिच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी ताटावर डाव हाणला. माझ्या कानाला दडे बसले. खालच्या मजल्यावरून कुणीतरी “काय झालं?” म्हणून ओरडलं. मुंगी चेंडू चाटत होती.

सासूबाईंनी आणखी एकदा हाणला. मग ताट हळूच खाली ठेवलं, जणू आता आवाज झाला तर कुणी जागं होईल, आणि सतरंजीवरच बसल्या.

“मी दिवसभर एवढं बोलते तिच्याशी,” त्या म्हणाल्या. “ते सगळं कुठे गेलं गं?”

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. हा टेबलापाशी गेला. खुर्चीच्या शिकंज्यावर हात ठेवून त्याने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टक मारली, पुन्हा मारली.

“झिणझिण येते सरळ,” तो म्हणाला. “मीच घट्ट बसवलीय. आणि मोटार चालू आहे का ते मी रोज असाच हात लावून बघतो.” मग म्हणाला, “हुशार आहे पोरगी. आपल्यापेक्षा हुशार.”

“तू गप रे,” सासूबाई म्हणाल्या, पण त्याच्याकडे हात पुढे केला, आणि तोही आमच्यात येऊन बसला.

तपासणी झोपेतच करतात. मुंगीला पाजून, थोपटून निजवलं. त्या बाईंनी तिच्या कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या. खोली अंधारी, भिंतींना जाड कापड, स्वतःचं आवंढा गिळणंसुद्धा मोठं वाटावं अशी. पडद्यावर रेषा उमटत होत्या. मी रेषांवरून काही कळतं का ते बघत होते, मग त्या बाईंच्या भुवयांवरून. संपल्यावर त्यांनी तारा काढल्या, हात पुसले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

“हे बघा, जरी मूल अजून लहान असलं आणि पुढे आणखी तपासण्या कराव्या लागल्या, आणि जर तुम्ही वेळेवर सुरुवात केलीत...”

“ताई,” मी म्हणाले, “मुख्य वाक्य आधी सांगा. बाकीचं मागून जोडा. मी ऐकेन.”

त्या थबकल्या. मग म्हणाल्या, “दोन्ही कानांनी खूप कमी ऐकू येतं.” आणि थोडं थांबून, “जरी कान अगदीच बंद नसले तरी.”

त्या थांबण्यात मला स्पष्ट टक जाणवली. मी तिला धरून बसले. मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. कानांच्या मापाचे साचे घ्यायचे, त्यांत ऐकण्याची यंत्रं बसवायची, ती दिवसभर वापरायची, शिकवायला यायचं. बोलेल का, मी विचारलं. बोलणं पोचलं की बोलण्याची वाट मोकळी होईल, त्या म्हणाल्या, पण आजच शब्द देत नाही. मला त्यांचं ते आवडलं. ह्याने मुंगीला खांद्यावर घेतलं होतं. तिच्या पाठीवर त्याचं बोट ठोके देत होतं, हे त्याच्याही लक्षात नव्हतं.

यंत्रं येईपर्यंत सासूबाई गप्प राहतील असं मला वाटलं होतं. छे. त्या मुंगीला छातीशी घट्ट धरून, तिचा गाल आपल्या गळ्याला लावून बोलायला लागल्या. “हाडातून जाऊ दे थोडं,” म्हणायच्या. “लाइन खराब आहे म्हणून मी आजवर कुणाचा फोन ठेवला नाही.” अमक्या साहेबाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. काकांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते नेहमीसारखं “हं” म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून वाचन संपलं की डावा तळहात टेबलाला टेकवून विचारायचे, “आमच्या सहकारी काय म्हणतात?”

यंत्रं बसवली त्या दिवशी मुंगीने तिथल्या तिथे भोकाड पसरलं. आपलंच रडणं कानावर पडलं म्हणून घाबरली, आणि घाबरली म्हणून आणखी रडली. तिला समजावता समजावता त्या बाईंसकट सगळ्यांना घाम फुटला. घरी येईपर्यंत तिने यंत्र उपटून काढलं, आम्ही बसवलं, तिने पुन्हा उपटलं. संध्याकाळी कधीतरी दमून ती सतरंजीवर बसली, चेंडू मांडीत घेऊन, डोळे सुजलेले. यंत्रं कानांत होती. मी टेबलाशी बसले आणि खोक्यात आलेला घड्या घातलेला कागद उघडला. तो कुणी वाचत नसला तरी मला वाचावाच लागणार होता.

“बाप रे,” मी म्हणाले.

“काय झालं?” ह्याने घाबरून विचारलं.

“इफने वाक्य सुरू केलंय आणि स्वल्पविरामच नाही. इथे पण नाही. एकाही ठिकाणी नाही!”

“आता कानाच्या यंत्राच्या पण चुका काढणार का?”

“मग? कुठल्या तरी पोराची आई वाचणार आहे ना हा कागद. धापा टाकत वाचायचा का तिने?”

“मोठ्याने वाच,” सासूबाई म्हणाल्या. त्या मुंगीपासून जरा लांब, भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिला हात लावायचा मोह आवरून दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवले होते. “नेहमी वाचतेस तसं वाच.”

मी पेन्सिल घेतली. बोट टेबलावर ठेवलं. मुंगी टेबलापासून लांब होती, कशालाच टेकलेली नव्हती. माझा श्वास जिथे संपायचा तिथे संपला, तो मी पुन्हा घेतला.

इफ युअर चाइल्ड पुल्स आउट द डिव्हाइस, मी वाचलं, आणि जिथे छापलेला नव्हता तिथे स्वल्पविराम ठोकला. टक.

मुंगीने चेंडू सोडला. हात उलटा करून तळहाताकडे बघितलं.

तिथे काही नव्हतं. तिने दुसरा तळहात बघितला. तिथेही नाही. तिच्या कपाळाला आठी पडली. सासूबाईंचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. मी वाक्य पुरं केलं नाही, तसंच दारात उभं ठेवलं आणि आणखी एकदा ठोकलं.

मुंगीने मान वर केली. आधी भिंतीकडे बघितलं, मग टेबलाच्या पायाकडे, तिथून वर, टेबलाच्या कडेकडे. मग माझ्या बोटापाशी तिची नजर येऊन थांबली. मी बोट उचललं, तिला दिसेल असं, आणि सावकाश खाली आणलं.

टक.

ती बोटाकडे बघत राहिली. आणि मग, पुढे काय ते विचारावं तशी, माझ्या तोंडाकडे.